कुसुमचा हात

सांगतो, पण हसू नका गा. आजही आठवलं की मान खाली जाते.

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. घरी हातमाग होता आणि माही चौदा वर्षांची कुसुम त्यावर लुगडं विणायची. तुटलेला धागा असा जोडायची, की गाठ बोटाले लागत नव्हती. घरी कोणी आलं की मी तिच्यादेखत म्हणायचो, "पोरीचा हात जन्मात चुकत नाही!" म्हणून तर तिचं काम तपासायचंही सोडून दिलं होतं.

एकदा गांधीबागेतल्या कापडबाजारातला व्यापारी आला. मी तेच पुराण लावलं आणि तिचं नवं लुगडं त्याच्यापुढे पसरलं. त्यानं ते उजेडात धरलं.

"हे काय जी?"

एक उभा धागा मध्येच तुटलेला. तिथून पार पदरापर्यंत सरळ फट.

व्यापाऱ्यासमोरच मी पोरीवर खेकसलो, "काहून वं? जोडता नाही आला, तर मले सांगितलं काहून नाही?"

ती खाली पाहत म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर साऱ्यांले सांगता, माहा हात चुकत नाही. मंग चुकला, हे तुम्हाले कसं सांगू?"