झाडावरचं ऑलिव्ह

माझा नवरा मंदार तुम्हाला फार गरीब वाटतो ना? मग हे ऐका.

मागच्या नोव्हेंबरात आम्ही सासूबाईंना घेऊन कॅलिफोर्नियातल्या आमच्या सनीव्हेलहून समुद्राच्या कडेकडेने सँटा बार्बराला निघालो होतो. वाटेत एका जुन्या गावाबाहेर ऑलिव्हची बाग लागली. फांद्यांवर काळी, टपोरी फळं होती. मंदारने एक तोडून आईंच्या हातावर ठेवलं.

"खाऊन बघ आई, अगदी जांभळासारखं लागतं."

झाडावरचं ऑलिव्ह कडूजहर असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आईंनी तोंड वेडंवाकडं करत ते थुंकून टाकलं, आणि ह्याने त्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला.

"डिलीट कर," मी म्हटलं.

"अगं, गंमत केली यार. आणि आता सगळ्यांनी बघितलाय."

माझं डोकंच फिरलं. त्याच्या हातातून किल्ली घेतली, आईंना पुढे बसवलं आणि त्याला मागे. तासाभराने त्यानेच मागून विचारलं, "आई, तूपण रागावलीस?"

आई समुद्राकडे बघत म्हणाल्या, "तू दिलंस, म्हणून न विचारता तोंडात घातलं रे."