शेवटच्या पेटीतली संत्री

ताईंच्या घरचे सुरेशराव आणि ईशा, लॅबमधले सगळे आणि आर. के. पुरमचे शेजारी. ताईंसाठी कामं टाकून आलात. मला बोलायला उभं केलंय, आणि मला हे जमत नाही. मी मशीन सांभाळणारा माणूस. मला चिडून बोलायची सवय आहे, रडून बोलायची नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

ताईंचं काम काय होतं, ते शेजाऱ्यांना माहीत नसेल. फळावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकायचा. तो थोडा आत शिरतो, परत येतो. परत आलेल्या प्रकाशावरून मशीन सांगतं, आत गोडी किती. फळ कापायचं नाही, टोचायचं नाही. छान वाटतं ना ऐकायला? पण मशीनला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी तपासलेलं प्रत्येक फळ कापायचं, रस काढून गोडी मोजायची आणि मशीनला दाखवायची. फळ कापावं लागू नये म्हणून आम्ही इतकी फळं कापली, की घरी कुणी फळ पुढे केलं तर नको वाटायचं.

ताईंचा नियम होता. सकाळी तपासलेलं फळ त्याच दिवशी कापायचं. उद्या ते फळ तेच राहत नाही. आणि मोजायच्या आधी प्रत्येकाने एक फोड खाऊन मोठ्याने सांगायचं, गोड की आंबट. मी दिल्लीत राहत असलो तरी अमरावतीकडचा. म्हणायचो, "ताई, संत्र्याचं मला काय विचारता, साल बघून सांगतो." त्या म्हणायच्या, "सांगा ना. मग मोजू." आणि मी चुकायचो. त्या हसायच्याही नाहीत. त्याचाच मला जास्त राग यायचा.

संत्र्यापाशी मशीन अडत होतं. बराचसा प्रकाश सालीतच अडकतो. या हंगामात संत्रं जमलंच पाहिजे, एवढं एकच ताईंनी धरून ठेवलं होतं.

गेल्या मंगळवारी सकाळी त्यांनी हंगामातली शेवटची पेटी तपासली. दुपारी छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये नेलं. संध्याकाळी फोन आला, ताई गेल्या.

पेटी टेबलावर होती. तपासलेली, न कापलेली. ताईंच्या घरी न्यायला ड्रायव्हर दारात उभा, "साहब, चलना नहीं है?" ताईंबरोबर काम करणारी नेहा तिथेच बसून होती. मी म्हटलं, चल, राहू दे ते. ती म्हणाली, "वानखेडेजी, आज नाही कापली तर ताईंची सकाळ वाया जाईल." मी ओरडलो तिच्यावर. ताई तिकडे, आणि तू इथे संत्री कापत बसणार? लोक काय म्हणतील?

तेवढ्यात सुरेशरावांचा फोन. मला वाटलं, कधी येताय म्हणून विचारतील. त्यांनी विचारलं, "वानखेडे, पेटी कापली का? सकाळी निघताना ही सांगून गेली होती, शेवटची पेटी आहे, उशीर होईल." मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग कापून या. आम्ही थांबतो."

अशा वेळी घरातून कुणी असं सांगतं? यांनी सांगितलं.

आम्ही कापली. रडून नाक चोंदलं की चव कळत नाही, म्हणून मी दोन दोन फोडी खाल्ल्या. एकेक फळ, गोड, आंबट, मग मोजणी. शेवटच्या संत्र्याला मी आंबट म्हटलं. मशीनने सकाळी गोड सांगितलं होतं. मोजलं. गोड होतं. पेटीतली बाकीचीही मशीनने बहुतेक बरोबर सांगितली होती. ताईंचं संत्रं जमलं होतं. आणि ते सांगायला ताई नव्हत्या. मला त्यांचा फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आता आपण उभं राहून दोन मिनिटं शांत राहू. नंतर दाराशी संत्री ठेवली आहेत. जाताना एक फोड खा आणि सुरेशरावांना खरं काय ते सांगा. आंबट लागली तर आंबट म्हणा. त्यांच्या घरात तशीच पद्धत आहे.

ताई, नमस्कार. पेटी त्याच दिवशी कापली.