बकुळीखालचा कोपरा

चहा निवू देऊ नका, तोवर सांगते. आमच्या शेजारच्या रिकाम्या भूखंडावर मी चौदा वर्षांपूर्वी बकुळ लावली. पहाटे तिच्याखाली बसले, की आपण जागे आहोत की स्वप्नात, हेच उमजत नाही. यंदा मालकीणबाई वारल्या आणि परवा त्यांचा मुलगा जागा विकायला आला.

माझा वकील भाचा कुजबुजला, "मावशी, कायद्याला लागतात ती बारा वर्षं उलटलीत. कोणालाही न विचारता ताबा घेतला, एवढंच म्हण. कोपरा तुझा!"

मुलाने विचारले, "काकू, झाड कोणाला विचारून लावलंत?"

"तुमच्या आईंना. दर संक्रांतीला तिळगूळ देताना पुन्हा विचारीत असे."

भाच्याने कपाळावर हात मारला. मुलाने झाडाखालची ओंजळभर फुले उचलून हुंगली.

"आता तुम्हाला विचारते," मी म्हणाले. "उद्या येऊ ना?"

"या, काकू. एवढा कोपरा वगळूनच विकेन."