बाथरूममधली उजळणी

सून : ओढताय ना, आई?

सासू : ओढतेय की! खांद्यातून हात निखळायची वेळ आलीय. तूच आतून नीट ढकलत नसशील.

सून : अख्खं अंग टाकलंय मी दारावर. आतली खिट्टी कधीच काढलीय. थांबा, दोघी मिळून एकदम करू. एक, दोन, तीन... हं!

सासू : हं! नाही बाई, बधत नाही. लाकूड फुगलंय.

सून : आजच फुगायचं होतं मेल्याला! बारा वाजता त्या शाळेत फळ्यासमोर उभं राहायचंय मला. पाचवीच्या मुलांना पाठ घेऊन दाखवायचा, मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसून बघणार. आवडला तर नोकरी, नाहीतर पुढच्या बाईला बोलावतील. आणि मी इथे बादलीशेजारी!

सासू : अजून वेळ आहे. आरडाओरडा करून दार उघडतं का कधी? जरा दम खा.

सून : शेजारच्या सुताराला हाक मारा ना. त्याच्याकडे पटाशी असेल.

सासू : तो नाहीये घरी. मघाशीच बघून आले.

सून : मघाशी? मला अडकून कितीसा वेळ झालाय?

सासू : अगं, म्हणजे सकाळी. कामावर जाताना दिसला. तू ना, प्रत्येक शब्दात पकडतेस. त्यापेक्षा उजळणी घे. आठ दिवस माझं डोकं खाल्लंस, आणखी एकदा खा. मी पाचवीतली. विचार.

सून : आत्ता?

सासू : मग कधी? नुसतं उभं राहून जीव टांगणीला लावण्यापेक्षा ते बरं. विचार, विचार.

सून : ...बरं. बल म्हणजे काय?

सासू : ढकलणं किंवा ओढणं.

सून : उदाहरण?

सासू : तू आतून ढकलतेस, मी बाहेरून ओढते.

सून : दोन्ही बलं एकाच दिशेला. मग काय होतं?

सासू : बेरीज होते.

सून : बेरीज झाली तर दार उघडायला हवं, आई.

सासू : ते तुझं घर्षण आडवं येतं ना. चौकट दाराला घासते, दार चौकटीला घासतं. सोडतंय कोण कुणाला! पुढचं विचार.

सून : तुम्हाला ओढून ओढून धाप कशी लागली नाही? आवाज तर भाजी निवडत बसल्यासारखा येतोय.

सासू : तुझ्यासारखी नाजूक नाही मी. पाण्याच्या कळशा चढवल्यात चार मजले. पुढचं विचार म्हणते ना.

सून : पदार्थाच्या अवस्था किती?

सासू : तीन. स्थायू, द्रव, वायू. दगड, बाटलीतलं पाणी, आणि तुझ्या त्या लाल फुग्यातली हवा. फुगा नव्हे हं, फुग्यातली हवा. बघ, विसरले नाही. पिशवी इथेच आहे, खुर्चीवर.

सून : स्थायू कसा ओळखायचा?

सासू : कुठेही ठेवा, आपला आकार सोडत नाही. तुझ्या नवऱ्यासारखा.

सून : आई! हे उदाहरण वर्गात नाही चालायचं.

सासू : वर्गात कशाला सांगतेस? माझाच मुलगा आहे, मी म्हणू शकते. आणि द्रव म्हणजे आपण बायका. ज्या भांड्यात ओतलं त्याच्यासारखं व्हायचं.

सून : आणि वायू?

सासू : वायू पसरतो. जागा दिसेल तिकडे जातो. झाकण जरा उघडं राहिलं की गेलाच. म्हणून तर झाकण घट्ट लावायचं असतं.

सून : ...असं मी नव्हतं शिकवलं.

सासू : सगळंच काय तू शिकवायचं?

सून : वाफ जाईना झालीय इथली. झरोका वर आहे, त्याला गज. आरसा पांढरा पडलाय नुसता. बघा, आता त्यावरून थेंब ओघळायला लागले. ह्याला काय म्हणायचं?

सासू : सांद्री... सांद्रीकरण.

सून : सांद्रीभवन.

सासू : भवन, भवन. मेलं नाव तरी सोपं ठेवायचं! ऊन लागलं की समुद्रातून वर, गार झालं की ढगातून खाली, नदीतून घरंगळत परत समुद्रात. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच मला हसू आलं होतं. एवढी पायपीट करून बिचारं पाणी पुन्हा तिथंच! स्वयंपाकघर, नळ, गच्ची, पुन्हा स्वयंपाकघर. माझं दुसरं काय चाललंय?

सून : पण वर जाताना ते स्वच्छ होतं, आई. वाफ तेवढी जाते, घाण खालीच राहते. हे मी मुलांना मुद्दाम सांगणार आहे.

सासू : हे मला नव्हतं सांगितलंस.

सून : कालच सुचलं. आता शेवटचा प्रश्न, मग पुन्हा जोर लावू. हवा कशानं दूषित होते? घराजवळचं उदाहरण द्या.

सासू : गाड्यांच्या धुरानं.

सून : आठ दिवस तुम्ही हेच उत्तर देताय. आपल्या गल्लीत दिवसभरात गाड्या येतात किती? खिडकी उघडली की समोर काय दिसतं?

सासू : मला गाड्या दिसतात. थांब, दारावर कुणीतरी आलंय.

गाडीवाला : आजी, ताई तयार झाल्या का? खाली गाडी लावलीय.

सासू : नाही रे बाबा. ती आज नाही यायची.

गाडीवाला : असं कसं? काल तर बजावून गेल्या, काही झालं तरी वेळेवर ये म्हणून.

सासू : बरं नाहीये तिला. झोपलीय.

सून : मी झोपलेली नाही! भाऊ, मी इथे आहे! बाथरूममध्ये अडकलेय! जरा आत या, दार उघडा!

गाडीवाला : आजी... हे काय आहे?

सासू : आमच्या घरातलं आहे. तू नीघ.

गाडीवाला : घरातलं म्हटल्यावर मी काय बोलणार? पण ऐका, कोपऱ्यावर टायरमध्ये हवा भरायचीच आहे मला. तेवढा वेळ थांबतो. ताई, ऐकलंत ना? मी कोपऱ्यावर आहे.

सून : ...आई.

सासू : हं.

सून : गेला तो?

सासू : गेला.

सून : मघापासून मी दार चाचपून बघतेय. खालून बोटभर हलतं, वरून केसभरही नाही. फुगलेलं दार सगळीकडून आवळतं, असं वागत नाही. आणि फुगायला ओल लागते. बाहेर ऊन कसलं पडलंय! वरची कडी लागलीय, आई. बाहेरची.

सासू : कडी कशी लागेल?

सून : सवयीनं लागली असेल. बाथरूम रिकामं असलं की आपण सगळेच कडी लावतो, नाहीतर वाऱ्यानं दार आपटत बसतं. जाता जाता तुमचा हात गेला असेल. काढा आता. मी कुणाला काही म्हणणार नाही. हसून सोडून देऊ आपण.

सासू : सवयीनं नाही लागली.

सून : आई, मी म्हणते ना, सवयीनंच...

सासू : नाही गं. आत पाणी पडत होतं, तू काहीतरी गुणगुणत होतीस. इतक्या दिवसांनी गुणगुणताना ऐकलं तुला. ऐकत उभी राहिले आणि ऐकता ऐकता लावली.

सून : त्यांनी सांगितलं?

सासू : सकाळच्या पाळीला, कामावर जाताना इथेच दारात चप्पल घालत होता. म्हणाला, ती आज उंबरठ्याबाहेर गेली तर तूही तिच्या मागोमाग चालू लाग. आईला म्हणाला हे! मी कुठे जाऊ, सांग? ह्या वयात गाठोडं घेऊन कुणाच्या दारात उभी राहू?

सून : मी एका पाठाला जातेय, आई. पळून नाही चाललेय.

सासू : मला नको शिकवूस. तिथे शिक्षकांना राहायला खोल्या मिळतात, तूच सांगितलंस. नोकरी लागली की लेकीला, छोटीला उचलशील आणि जाशील. जायलाच हवंस, ते मला कळतं. पण मग ह्या घरात उरलो मी आणि तो. तो तुझ्यावर ओरडतो तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवते, ठाऊक आहे ना? तू नसलीस की कुणावर ओरडेल?

सून : म्हणून मी इथे राहायचं? तुमच्या पुढ्यात उभं राहायला?

सासू : हो. सांगायला लाज वाटते, पण हो. भीती वाटते मला त्याची.

सून : मलाही वाटते! तुम्हाला काय वाटलं, मला वाटत नाही? पायरीवर त्यांच्या चपलेचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी छोटीला आतल्या खोलीत नेते. मला श्वास घेता येत नाही, आई. बाथरूमचं नाही म्हणत मी. ह्या घरात. खिडकी उघडली की काजळी, लावली की कोंडमारा. छोटी उशीत तोंड खुपसून खोकते, बाबा उठतील म्हणून. आठ वर्षांची पोर, आवाज न करता खोकायला शिकलीय!

सासू : रडू नकोस. पाठाला डोळे लाल दिसतील.

सून : कुठला पाठ आता?

सासू : तुझे सासरे शेवटी शेवटी हेच म्हणायचे. खिडकी उघड. मी उघडायचे, की धूर आत. मग म्हणायचे, लाव. लावली की जीव घाबरा व्हायचा त्यांचा. पुन्हा उघड. अख्खा उन्हाळा मी नुसती खिडकी उघडत होते आणि लावत होते. दुसरं काय करायचं, कुणी सांगितलंच नाही. ...विचार परत.

सून : काय विचारू?

सासू : तो शेवटचा प्रश्न. मी उत्तर चुकवत होते.

सून : आई, ही काय उजळणीची वेळ...

सासू : विचार म्हणते ना!

सून : हवा कशानं दूषित होते? घराजवळचं उदाहरण द्या.

सासू : समोरच्या धुराड्यानं. गाड्याबिड्या काही नाही, समोरच्या कारखान्याच्या धुराड्यानं. नवऱ्याचा जन्म त्यात गेला, मुलाचा चाललाय. त्याच पगारावर चूल पेटली, म्हणून जीभ उचलत नव्हती माझी. पण छोटी खोकते ना, ती अगदी त्यांच्यासारखी खोकते. मी भिंतीपलीकडे जागीच असते. तोच आवाज आहे गं.

(कडी सरकते. दार उघडतं.)

सासू : बघतेस काय? पिशवी घे. केस राहू देत तसेच, गाडीत वाळतील. फुगा आत आहे, दगड आहे, बाटली भरून ठेवलीय.

सून : आणि तुम्ही? दुपारी पाळी सुटली की ते येतील. मी दिसले नाही तर...

सासू : म्हणून तर म्हणते, बाजूला हो. मी आत जाते.

सून : आत कुठे?

सासू : बाथरूममध्ये. तू बाहेरून कडी लाव आणि सूट. तो आला की मी दार बडवीन. म्हणेन, बघ रे, तुझ्या बायकोनं मला कोंडलं आणि गेली निघून.

सून : मी तुम्हाला कोंडलं?

सासू : त्याच्या लेखी तू आधीच वाईट आहेस, त्यात आणखी एक भर. माझं जरासं नाव उरलंय त्याच्याकडे, तेवढं राहू दे मला.

सून : तुम्हीच चला ना माझ्याबरोबर. आत्ता. गाडीत जागा आहे.

सासू : आणि तुझ्या वर्गात कुठे बसू, मुख्याध्यापिकेच्या शेजारी? वेडी कुठली! आधी नोकरी लागू दे. संध्याकाळी छोटीला शाळेतून घे आणि थेट मावशीकडे जा. इकडे फिरकूसुद्धा नकोस.

सून : मग मी बोलावीन तुम्हाला. खोली मिळाली की लगेच...

सासू : आत्ता काही कबूल करू नकोस. तो गाडीवाला किती थांबेल? हवा भरायला काय दिवस लागतो?

सून : एवढा वेळ आत कशा राहाल? तुमचे गुडघे...

सासू : बादली उपडी घालते नि बसते. नळाला पाणी आहे. मला काय धाड भरलीय?

सून : झरोक्यातून धूर येतो.

सासू : येऊ दे. हं, झाले मी आत. लोट दार. लाव.

सून : आई, मला नाही जमायचं हे.

सासू : जमेल. मला जमलं ना मघाशी.