हवामान परिषदेतली बाई

दिल्लीतला मराठी माणूस मेट्रोत बसला, की घरातलं भांडणही मोकळ्या गळ्यानं करतो. आजूबाजूला कुणाला कळणार आहे! कुमुदताई वर्षानुवर्षं अशी भांडणं ऐकत आल्या होत्या. पूर्वी पहाडगंजच्या बसमध्ये, आता द्वारकेच्या मेट्रोत. आज समोर नवरा-बायको होते.

“रेवती, हवामान परिषदेतल्या आमच्या केंद्रातल्या साहेबांच्या भाषणात एका बाईचं लिखाण हवंय. तू इंग्रजीत केलेली ती गोष्ट अगदी बरोबर बसते. फक्त एक वाक्य बदल ना, यार.”

“कुठलं?”

“‘साहेब दुष्काळ बघायला आले, आणि आमचा शेवटचा हंडा पिऊन गेले.’”

“अरे निखिल, त्या वाक्यासाठीच तर मी ती गोष्ट अनुवादाला घेतली!”

“‘साहेब’च्या जागी ‘पाहुणे’ कर. जगभरचे लोक ऐकणार आहेत.”

“म्हणून तर करणार नाही.”

कुमुदताईंनी कानातलं यंत्र हळूच नीट बसवलं.

“माझं प्रमोशन अडकलंय गं.”

“मग दुसरी बाई शोध. नदीला आई म्हणून रडणारी. पुष्कळ मिळतील.”

“साहेबांनी तुझाच मसुदा मागवून घेतलाय. आता वाचत असतील.”

तेवढ्यात फोन वाजला. निखिल बसल्या जागेवरून ताडकन उठला.

“जी सर... हां सर, ते वाक्य... अच्छा? बिल्कुल, सर.”

“काय म्हणाले?”

“राहू दे म्हणाले. फार आवडलं.”

“आवडलं?”

“हो. म्हणाले, हंडा पिऊन गेलेला तो साहेब राज्य सरकारचाच असणार.”