भांडाराची भेटवस्तू

साक्रीहून पिंपळनेरला निघालेल्या एसटीत माझी चिऊ मांडीवर झोपली होती. पुढच्या बाकावर एक आजी आणि एक आबा होते. दोघांच्या मांडीवर तराजूचं एकेक पितळी पारडं होतं.

“भाईदासभाऊ, सभासदांना भेटवस्तू म्हणून ग्राहक भांडाराचा तराजूच वाटून टाकला?”

“मग काय वाटणार, द्रौपदाअक्का? गेल्या साली बरण्या वाटल्या. भेट नसली तर सभेला कुत्रं येत नाही.”

“आणि उद्या साखर कशात मोजणार?”

“साखर शे कुठं?”

“आली तर? दुकानदार मापात मारायचे, म्हणून आम्ही बाया दारोदार हिंडलो आणि भांडार काढलं. ते तुम्हाला बंद करू देणार नाही. तुमचं पारडं इकडं द्या.”

“घेऊन काय करशील? दांडी अध्यक्षांनी नेली. त्यांचा मान मोठा.”

“दांडीचं मी बघते.”

“आणि मी घरी काय दाखवू? म्हातारी म्हणेल, दिवसभर सभेत बसून हात हलवत आले.”

“पुढच्या साली काय वाटणार आहेत?”

“आता शटरच उरलं शे. तू चहा घ्यायला उठलीस, तेव्हा ठराव झाला. शटर तुलाच द्यायचं, पहिली सभासद म्हणून.”

“पुढच्या साली कशाला? उद्याच ट्रॅक्टर आणते.”

“इतकी कसली घाई, अक्का?”

“शटर माझ्या घरी आलं, की भांडार बंद कोण करतो ते बघते!”