पूजेनंतरची आंघोळ

(मिहान प्रकल्पाच्या पलीकडे रुपरावांचं वावर, म्हणजे शेत. गोल मांडलेले दगड, मधे देव म्हणून पुजलेला एक दगड. तिथे रुपराव, त्यांची थोरली बहीण यमुताई आणि पुतणी हिमानी.)

हिमानी : सोळा दगड, काका. दोनदा मोजले मी. एकदम गोल.

रुपराव : असू दे गोल. उद्या सकाळी दुर्गेशची जेसीबी येऊन राहिली. मधला देव नव्या मंदिरात, बाकीचे दगड बांधावर. फरशी लागली, पत्रिका वाटल्या, आता काय?

हिमानी : आमच्या कॉलेजातल्या पुरातत्त्ववाल्या सरांना फोटो पाठवले होते. ते म्हणतात, असे गोल म्हणजे थडगी असतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची, काका. जेसीबी फिरली की सगळं गेलं.

रुपराव : म्हणजे पाच पिढ्या आम्ही मढ्याले नारळ फोडून राहिलो?

यमुताई : नारळ कुठं फोडतो गा आपण? ह्या देवाले नारळ नाही, कुंकू नाही. भाताचा गोळा ठेवाचा अन् मागं न पाहता घरी याचं. प्रसाद घरात आणाचा नाही.

हिमानी : काहून?

यमुताई : माय तसंच करे. अन् मग आंघोळ.

हिमानी : आंघोळ आधी ना, आत्या?

यमुताई : नाही वं, घरी आल्यावर. डोक्यावरून. लहानपणी मी मायले विचारलं, सारी दुनिया आंघोळ करून देवाले जाते, आपलंच उलटं काहून? तिनं पाठीत धपाटा घातला.

हिमानी : थांब, थांब. हे पाह्य, मले काटा आला. आपण कुठून आल्यावर डोक्यावरून आंघोळ करतो?

रुपराव : मातीले जाऊन आल्यावर. मढं पोचवून.

हिमानी : तेच तर! खोदल्याशिवाय पक्कं नाही सांगता येत, पण आपली रीत तिथूनच आली असेल. कोणाले पुरलं ते लोक विसरले, आंघोळ तेवढी चालू राहिली. सर दगड पाहून बोलले, अन् तुम्ही इतकी वर्षं बादलीनं सांगून राहिले. मी आज झोपत नाही बाप्पा.

रुपराव : मग हा देव नाही म्हणतेस?

यमुताई : देव काहून नाही? पन्नास वर्षं भात ठेवला मी त्याले. आता कोणाले ठेवला ते समजलं. नको हलवू गा त्याले.

रुपराव : अन् गावाले काय सांगू, ताई?

यमुताई : तुले सुचन ते सांग.

रुपराव : (फोन लावून) हॅलो, दुर्गेश? उद्या जेसीबी पाठवू नको. नाही गा, मंदिराचं काम नाही होत. आमच्याकडे सुतक आहे... कोण म्हणजे? होतं गा, घरचंच. जुनं माणूस.